हिरवा आकडा आणि खात्यातील शिल्लक

सदनिकांच्या खरेदी-विक्रीची दलाली करणाऱ्या कार्यालयांचे रूप गेल्या काही वर्षांत पार पालटले आहे. पूर्वी अशा कार्यालयात एक लांबट वही असे. तिच्या एका बाजूला घर हवे असणाऱ्यांची नावे, दुसऱ्या बाजूला घर विकू पाहणाऱ्यांची. आणि उरलेला सारा व्यवसाय मालकाच्या डोक्यात. कोणाची निकड किती, कोण नुसताच भाव काढतो आहे, कोणत्या बांधकाम व्यावसायिकाकडून दलाली वेळेवर येते आणि कोण सहा-सहा महिने झुलवतो, हे त्याला वही न उघडता सांगता येई. आज त्या वहीची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे आणि मालकाच्या डोक्याची जागा, निदान वरवर पाहता, त्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानाने घेतली आहे. या पानाला डॅशबोर्ड म्हणतात. समाजातील कितीतरी कुटुंबांची पुढची पिढी या व्यवसायात उतरली आहे, आणि सकाळी देवदर्शन, चहा-नाश्ता आटोपला की तिची पहिली नजर याच पानावर जाते.

डॅशबोर्ड हा शब्द मूळचा घोड्याच्या बग्गीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावलेली असे, ती ही. पुढे मोटारी आल्या आणि त्याच जागी वेग व इंधन दाखवणारे काटे बसले. आपल्या हिशेबाच्या परंपरेत याला अधिक जवळचा शब्द आहे, तो तेरीज. रोजकीर्दीवरून खतावणी करावी आणि खतावणीतील खात्यांच्या बाकींची एका पानावर तेरीज मांडावी, ही पद्धत पेढ्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आली. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते की, तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असतोच असे नाही. जी नोंद मुळात झालीच नाही, किंवा जी चुकीच्या खात्यावर गेली, तिचा पत्ता तेरजेला लागत नाही. डॅशबोर्डची तर याहून नाजूक अवस्था असते, कारण त्यातील बहुतेक नोंदींना दुसरी बाजूच नसते. विक्री करणाऱ्या मुलाने ‘नोंदणी झाली’ असे बटण दाबले की आकडा वाढतो. कोणत्या खात्यावर नावे टाकले, असे त्याला कोणी विचारत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. पुण्याच्या एखाद्या वाढत्या उपनगरात एका कुटुंबाचे दलालीचे कार्यालय आहे. सांगलीकडून आलेल्या वडिलांनी सुरू केलेला व्यवसाय आता मुलगा पाहतो, हिशेब सूनबाईंकडे आहे आणि पाच जण विक्रीच्या कामाला आहेत. तिमाही संपते. पडद्यावर चौकटी झळकतात: आलेल्या चौकशा ४१२, प्रकल्पस्थळी प्रत्यक्ष भेटी ९६, नोंदण्या ११, व्यवहारांचे एकूण मूल्य ७ कोटी ७० लाख रुपये. आणि सर्वांत मोठ्या चौकटीत, हिरव्या रंगात, दलाली १५,४०,००० रुपये. (हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक सदनिका ७० लाखांची आणि दलाली २ टक्के धरली आहे.) मुलगा उत्साहाने म्हणतो, “अण्णा, एका तिमाहीत पंधरा लाख चाळीस हजार. आता बाणेरला दुसरे कार्यालय घ्यायला हरकत नाही. मालक सहा महिन्यांची अनामत मागतो आहे, तेवढी देऊन टाकू.”

अण्णा पडदा नीट पाहतात आणि विचारतात, “आकडा छान आहे, पण खात्यात किती आले?”

याचे उत्तर पडद्यावर नाही. ते सूनबाई देतात, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

अकरा नोंदण्यांपैकी दोन रद्द झाल्या आहेत. एका ग्राहकाचे गृहकर्ज मंजूर झाले नाही, दुसऱ्याची बदली झाली. नोंदणीच्या दिवशी उत्साहाने भरलेली माहिती रद्द होण्याच्या दिवशी कोणीच बदलली नाही. वाईट बातमी लिहिण्याची घाई कोणालाच नसते. राहिल्या नऊ. त्यांची दलाली १२,६०,००० रुपये. या नवांपैकी तिघांचे करारनामे अजून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले गेलेले नाहीत, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय बांधकाम व्यावसायिक बीजक स्वीकारत नाहीत, ही या धंद्यातील सर्वसाधारण रीत. म्हणजे बीजके निघाली सहा, ८,४०,००० रुपयांची. त्यावर १८ टक्क्यांनी वस्तू व सेवा कर १,५१,२०० रुपये. सहापैकी पैसे आले ते दोघांचेच: दलाली २,८०,०००, त्यावरील कर ५०,४००, आणि त्यातून उगमस्थानी कापलेला २ टक्के आयकर ५,६०० वजा. खात्यात प्रत्यक्ष जमा ३,२४,८०० रुपये.

येथवर आकडा फक्त लहान झाला. खरी अडचण पुढे आहे. सेवा वेळेवर बीजक काढून दिली असेल, तर कराची देणेदारी बीजकाच्या तारखेनेच उभी राहते; समोरच्याने पैसे दिले की नाही, याची वाट कायदा पाहत नाही. बीजक थोडे उशिरा काढू म्हटले, तर सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते काढणे बंधनकारक आहे. तेव्हा सहाही बीजकांचा कर भरावा लागणार. कार्यालयाचे भाडे, जाहिराती यांवर भरलेल्या कराची वजावट काही प्रमाणात मिळेल. ती तूर्त बाजूला ठेवू. हाती आलेला कर ५०,४००, भरायचा १,५१,२००. म्हणजे १,००,८०० रुपये पदरचे घालून भरायचे, तेही ज्यांनी अजून एक पैसा दिलेला नाही त्यांच्या वतीने. ३,२४,८०० मधून कर गेल्यावर राहिले १,७३,६००. पैसे आलेल्या दोन व्यवहारांपैकी एक ग्राहक शेजारच्या उपनगरातील दुसऱ्या दलालाने पाठवला होता. ठरल्याप्रमाणे निम्मी दलाली, ७०,००० रुपये, त्याची. हातात राहिले १,०३,६००. पाच जणांचे पगार दरमहा प्रत्येकी २०,००० धरले, तर तिमाहीचे ३,००,००० होतात.

पडद्यावर १५,४०,०००, आणि पगार भागवायला दोन लाख कमी. यात कोणी अफरातफर केलेली नाही, सॉफ्टवेअरही चुकलेले नाही. ११ गुणिले ७० लाख गुणिले २ टक्के हा गुणाकार अगदी बिनचूक आहे. चूक आहे ती त्या आकड्याला ‘दलाली’ असे नाव देण्यात. तो दलालीचा अंदाज आहे. अंदाज, बीजक आणि जमा या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि तिन्हींना एकच शब्द वापरला की घरातली दोन शहाणी माणसेही एकमेकांशी वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत राहतात.

बँकिंग क्षेत्राने हा धडा फार महाग किमतीत घेतला आहे. एके काळी आपल्या बँका बऱ्याच थकीत कर्जांवरील व्याज, हाती आलेले नसतानाही, उत्पन्नात धरत असत. खात्याला व्याज नावे टाकले की ते नफ्यात दिसे. कर्जदार ते देणार का, हा प्रश्न पुढच्या वर्षावर जाई. १९९१ च्या नरसिंहम् समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने उत्पन्न-मान्यतेचे निकष बदलले, आणि अनुत्पादक कर्जावरचे व्याज प्रत्यक्ष वसूल झाल्यावरच उत्पन्न समजायचे, असे ठरले. त्याचा परिणाम असा झाला की, १९९२-९३ या वर्षात सार्वजनिक क्षेत्रातील बँका एकत्रितपणे तोट्यात दिसल्या. त्या वर्षी त्यांची कर्जे एकाएकी बिघडली नव्हती. आधीपासूनच बिघडलेली होती, फक्त ती दिसू लागली. थकबाकीची मुदत पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत गेली आणि ३१ मार्च २००४ पासून ९० दिवसांचा निकष लागू झाला. पाच माणसांच्या दलाली कार्यालयाला रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक लागू नाही, हे खरे; पण ३० दिवसांच्या आतील येणे, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापलीकडचे, असे चार रकाने पाडायला परिपत्रकाची गरज नसते. अनेक सॉफ्टवेअरांत असा येणे-बाकीचा वयवार तक्ता आयता असतो. तो आतल्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो आणि कोणी उघडत नाही, एवढेच.

पहिल्या पानावर कोणत्या चौकटी ठेवायच्या, हे बहुधा सॉफ्टवेअर विकणाऱ्याने ठरवलेले असते. आणि विकणाऱ्याला, साहजिकच, ग्राहक खूश होईल असे पान दाखवायचे असते. मालकाने एक दुपार बसून ते पान स्वतःच्या सोयीने मांडून घ्यावे. नोंदण्यांची चौकट राहू द्यावी, पण तिच्या शेजारी त्याच मापाच्या अक्षरात रद्द झालेल्या नोंदण्या असाव्यात. त्यापुढे करारनामे झालेले व्यवहार, बीजक दिलेली दलाली आणि खात्यात आलेली दलाली. या सर्व रकमा कर वगळून लिहाव्यात, कारण गोळा केलेला कर ही सरकारची ठेव आहे, धंद्याचे उत्पन्न नव्हे. आणि जो आपल्या उलाढालीत कर मिसळून पाहतो त्याला आपण १८ टक्क्यांनी अधिक श्रीमंत असल्याचा भास होत राहतो.

चौकटी बदलल्या तरी नोंद करणारा हात तोच राहतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला कागदाचा आधार हवा. नोंदणी कधी समजायची? ग्राहक “घेतो हो” म्हणाला तेव्हा नव्हे. अर्ज भरून, दिलेला धनादेश वटल्यावर. करारनामा कधी समजायचा? दस्त क्रमांक हाती आल्यावर. महाराष्ट्रात नोंदवलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन, जिला सारे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, मिळवता येते. तिची प्रत जोडल्याखेरीज सॉफ्टवेअरमध्ये तो टप्पा पुढे सरकू देऊ नये. बीजकाला बीजक क्रमांक, जमेला बँकेचा व्यवहार क्रमांक. बँकेत व्हाउचरशिवाय खातेवहीत ओळ लिहिली जात नसे, आणि ती शिस्त कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय म्हणून नव्हती. बहुतेक सॉफ्टवेअरांत एखादा रकाना सक्तीचा करण्याची सोय असते. रेराच्या २०१६ च्या कायद्यातील कलम १० नुसार नोंदणीकृत एजंटाने हिशेबवह्या, नोंदी व कागदपत्रे ठेवणे आणि जपणे बंधनकारक आहेच. हा कागद जोडण्याचा नियम पाळला की ते कामही ओघाने होऊन जाते.

विक्रीच्या मुलांची गुणवारी दाखवणारी चौकट हा एक स्वतंत्र विषय आहे. कोणी किती फोन केले, किती भेटी घडवल्या, याची क्रमवारी मोठ्या पडद्यावर सर्वांसमोर लावण्याची हल्ली पद्धत आहे. यातून चुरस निर्माण होते हे खरे, पण ज्या गोष्टीवर बक्षीस आहे तीच गोष्ट वाढते, धंदा वाढेलच असे नाही. भेटींवर बक्षीस ठेवले की भेटी वाढतात: रविवारी प्रकल्पाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलेला ग्राहकही भेटीत धरला जातो आणि एकच कुटुंब दोन दूरध्वनी क्रमांकांवरून दोन ग्राहक बनते. ४१२ चौकशांतल्या काही तर एकाच माणसाने तीन संकेतस्थळांवर केलेल्या असतात. नोंदणीवर प्रोत्साहन रक्कम ठेवली की, कच्चा ग्राहक घाईने नोंदवला जातो आणि दोन महिन्यांनी रद्द होतो. तोवर रक्कम देऊन झालेली असते. वरच्या उदाहरणात दहा टक्के प्रोत्साहन ठरलेले असते, तर सॉफ्टवेअरने १,५४,००० रुपये देय दाखवले असते, म्हणजे हातात उरलेल्या सगळ्या रकमेहून अधिक. अर्धी रक्कम करारनामा नोंदवल्यावर आणि अर्धी दलाली खात्यात आल्यावर, अशी विभागणी अधिक न्याय्य वाटते. मुलांना ती आधी रुचत नाही. पण वसुलीसाठी बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात खेपा घालायला त्यानंतर कोणाला सांगावे लागत नाही.

आणखी एका चौकटीबद्दल सावध राहायला हवे, ती म्हणजे पुढील तिमाहीचा अंदाज. सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्याला काही शक्यता लावते: प्रकल्प पाहून गेलेल्याला, समजा, २० टक्के, वाटाघाटीत असलेल्याला ५० टक्के. मग प्रत्येकाची दलाली त्या शक्यतेने गुणून बेरीज करते. हे टक्के बहुधा सॉफ्टवेअरसोबत आलेले असतात. आपल्या कार्यालयाच्या मागील दोन वर्षांच्या अनुभवावरून ते कोणी तपासलेले नसतात. तपासले तरी दुसरी अडचण राहते. हजारो कर्जदार असलेल्या बँकेला सरासरीवर भिस्त ठेवता येते. चार ग्राहक वाटाघाटीत असलेल्या कार्यालयाला, प्रत्येकी ५० टक्के म्हणजे दोन व्यवहार होतील, असे म्हणता येत नाही. विशेषतः ते चौघेही एकाच प्रकल्पातील असतील तर. त्या प्रकल्पाचे काम रेंगाळले तर चौघेही जातील, दर उतरले तर चौघेही येतील. दोन हा आकडा कदाचित कधीच येणार नाही. बँका एकाच कर्जदाराला किती द्यावे याची मर्यादा पाळतात ती याच कारणासाठी. दलालाने निदान इतके पाहावे की, येणे असलेल्या रकमेपैकी किती भाग एकाच बांधकाम व्यावसायिकाकडे अडकला आहे. सहापैकी चार बीजके एकाच नावावर असतील, तर ही बाब हिरव्या आकड्याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठी तयार चौकट क्वचितच असते. मागून करून घ्यावी लागते.

एवढे ऐकून डॅशबोर्ड निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. वहीच्या काळात जे कळत नव्हते ते आज खरोखर कळते. ९६ भेटींतून ११ नोंदण्या झाल्या. पण त्या कोणत्या मार्गाने आलेल्या ग्राहकांच्या? संकेतस्थळावरील जाहिरातीतून आलेल्या चौकशा पुष्कळ आणि नोंदण्या थोड्या, तर जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्या ओळखीच्या चौकशा थोड्या आणि नोंदण्या अधिक, असे चित्र दिसले, तर जाहिरातीवरचा खर्च कमी करून जुन्या ग्राहकांना दिवाळीला भेटून येणे शहाणपणाचे ठरते. भेटीनंतर दोन दिवसांत फोन गेला आणि दहा दिवसांनी गेला, यात किती फरक पडतो, हेही आकड्यांवरून समजते. वडिलांच्या पिढीला हे अनुभवाने ठाऊक होते, पण ते ज्ञान त्यांच्यापाशीच राही. तिसऱ्या महिन्यात नोकरीला लागलेल्या मुलाला ते पडद्यावर दिसते, ही साधी गोष्ट नव्हे.

महिन्यातून एकदा, शक्यतो कराचे विवरण भरण्याच्या २० तारखेच्या आधी, तीन कागद शेजारी ठेवून बसावे: डॅशबोर्डची छापील प्रत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील येणे-बाकीची यादी आणि बँकेचा खातेउतारा. करकपातीच्या नोंदी आयकर खात्याकडे पोचल्या की नाहीत, तेही याच बैठकीत पाहून घ्यावे. कापलेला कर आपल्या नावावर जमा दिसला नाही तर ती रक्कम घालवल्यासारखीच. पहिल्या महिन्यात या तिघांचा मेळ बसणार नाही. दुसऱ्यातही बसेल असे नाही. पण कोणता व्यवहार कोठे अडकला आहे, हे नावानिशी कळू लागते, आणि नावानिशी कळले की फोन करता येतो. ही बैठक तासाभराची असते. तिला घरातले जे कोणी हिशेब पाहते त्यांनी बसावेच, पण विक्री पाहणाऱ्यानेही बसावे. बहुतेक कार्यालयांत तोच टाळतो.

उदाहरणातल्या कुटुंबाकडे वळायचे, तर दुसऱ्या कार्यालयाची कल्पना सोडून देण्याचे कारण नाही. उरलेली चार बीजके खरी आहेत. त्यांचे ५,६०,००० रुपये येणे आहे आणि त्यांवरचा कर भरून झालेला असल्याने, तो वसूल झाला की पदरचे गेलेले १,००,८०० रुपये परत हाती येतील. तीन करारनामे व्हायचे आहेत, त्यांचे ४,२०,००० पुढे आहेत. प्रश्न आहे तो केवळ कालावधीचा. बाणेरच्या मालकाला सहा महिन्यांची अनामत आज हवी आहे आणि हे पैसे दोन ते पाच महिन्यांत येतील. ही फट कर्ज काढून भरायची, घरातल्या ठेवी मोडून भरायची, की जागेच्या मालकाला तीन महिन्यांच्या अनामतीवर राजी करायचे, याचा निर्णय अण्णा, मुलगा आणि सूनबाई मिळून घेऊ शकतात. त्या निर्णयासाठी त्यांना जो तक्ता लागेल तो चार ओळींचा आहे: कोणाकडून, किती, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याने मागील वेळी शब्द पाळला होता का. शेवटचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर तो अण्णांकडून सांगून भरून घ्यावा.